रानपिंगळ्याचा शोध

पिंगळा हा शब्द आपल्या कानांवर दोन अर्थांनीं आलेला असतो. पहांटेच्या अंधारांत हातीं कंदील घेऊन व कुडमुडें वाजवीत जो दारोदार भविष्य सांगत फिरतो, तो भिक्षेकरी एक पिंगळा. आणि गांवच्या वडापिंपळाच्या ढोलींत राहणारें, तिन्हीसांजा होतांच कलकलाट करणारें, वाटोळ्या पिवळ्या डोळ्यांचें जें इवलेंसें घुबड, तो दुसरा पिंगळा. पहिल्यास दुसऱ्याची भाषा कळते असा लोकांचा समज आहे, आणि पहिल्याचें पोट पुष्कळ अंशीं त्या समजावरच चालत आलें आहे. आज ज्या पक्ष्याची हकीकत मी सांगणार आहें तो या दुसऱ्या पिंगळ्याचा रानांतला भाऊबंद होय. त्याचें नांव रानपिंगळा. आपल्या महाराष्ट्रांत वस्तीस असूनहि हा पक्षी ११३ वर्षें कोणाहि अभ्यासकास सांपडला नाहीं. तो जगांतून नाहींसा झाला असावा असें जाणत्या लोकांनींहि म्हणण्यास आरंभ केला होता. आणि १९९७ सालीं तो खानदेशांत, भर सकाळीं, एका झाडाच्या शेंड्यावर स्वस्थ बसलेला आढळला. तो हरवला कसा व सांपडला कसा, या दोन्ही गोष्टी एका चिठ्ठीशीं निगडित आहेत.

कथेचा आरंभ १८७२ सालच्या डिसेंबरांत होतो. रायपूरच्या पूर्वेस, आज छत्तीसगडांत मोडणाऱ्या फुलझरच्या मुलखांत फ्रान्सिस ब्लेविट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यास एक लहानसें घुबड मिळालें. तें ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या हातीं आलें. पुढें १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत ज्यांनीं पुढाकार घेतला तेच हे ह्यूम. राजकारणाच्या पूर्वीं त्यांना पक्ष्यांचें वेड होतें, आणि तें साधेंसुधें नव्हे. हिंदुस्थानभर पसरलेले त्यांचे मित्र त्यांना पक्षी पाठवीत, आणि ते आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या पत्रिकेंत त्यांचीं वर्णनें छापीत. १८७३ सालीं त्यांनीं या घुबडाचें वर्णन प्रसिद्ध करून त्यास ब्लेविटचें नांव दिलें. तें त्यांना इतकें वेगळें वाटलें कीं, त्याच्याकरितां त्यांनीं एक नवें कुळच निर्माण केलें व त्यास 'निराळें घुबड' अशा अर्थाचें ग्रीक नांव ठेविलें. (ह्यूम यांचें पक्षिशास्त्र पुढें कसें थांबलें तें सांगण्याजोगें आहे. १८८३-८४ च्या सुमारास त्यांच्या सिमल्याच्या घरांतून त्यांचीं अनेक वर्षांचीं हस्तलिखितें एका नोकरानें रद्दींत विकून टाकलीं. १८८५ सालीं त्यांनीं आपला सारा संग्रह, अंडीं धरून सुमारें ८२,००० नग, लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयास देऊन टाकिला.)

त्या काळीं पक्षी पाहणें म्हणजे पक्षी मारणें असाच अर्थ होता. दुर्बिणी कमी दर्जाच्या, छायाचित्रण बाल्यावस्थेंत. तेव्हां पक्षी बंदुकीनें पाडावयाचा, त्याचें कातडें सोलून आंत कापूस भरावयाचा, टांके घालावयाचे व पायाला एक चिठ्ठी बांधावयाची. तिच्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असत: कोठें मिळाला, केव्हां मिळाला, कोणीं मिळविला. ही चिठ्ठी नसेल तर त्या कातड्याची किंमत शोभेच्या बाहुलीहून अधिक नाहीं. मीं सारा जन्म प्राथमिक शाळेंत काढला असल्यामुळें मला हें लवकर समजतें. शाळेच्या जनरल रजिस्टरांत मुलाची जन्मतारीख एकदां लिहिली कीं ती त्याच्यामागें नोकरीपर्यंत व नोकरीमागून पेन्शनीपर्यंत चालत जाते. ती कोणा चुलत्यानें अंदाजानें सांगितली असली तरी पुढचें जग तीच खरी धरतें. पक्ष्याच्या पायांतील चिठ्ठीचेंहि तसेंच आहे.

ब्लेविटच्या मागून १८७७ सालीं व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञास त्याच पूर्वेकडील मुलखांत आणखी एक रानपिंगळा मिळाला. त्यानंतर आपल्या खानदेशाचें नांव येतें. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यांतील मुलकी अधिकारी. १८७८ सालीं वेंडन नांवाच्या सहकाऱ्याबरोबर त्यानें दख्खनच्या पक्ष्यांची यादी 'स्ट्रे फेदर्स'मध्यें छापली होती. त्यामुळें घाटावरचे आम्ही लोक त्याचे आधींच ऋणी आहोंत. पुढें खानदेशांत असतांना सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहादें-तळोद्याच्या बाजूस, त्यास रानपिंगळे आढळले. त्यानें ते जमविले आणि त्यांच्या चिठ्ठ्या नीट लिहिल्या. १८७२ पासून १८८४ पर्यंत मिळालेले असे अवघे ७ नमुने जगांतील संग्रहालयांत पोंचले. मग शुकशुकाट. १८८४ च्या पुढें एकहि नाहीं.

एक मात्र होता, असें पुढें बराच काळ सर्वांना वाटत होतें. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नांवाचा एक ब्रिटिश कर्नल होता. लष्करांत व गुप्तहेर खात्यांत त्यानें नांव कमाविलें होतें, आणि पक्षिशास्त्रज्ञांतहि त्याचा दरारा होता. १९५४ सालीं त्यानें आपला सुमारें २०,००० पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयास अर्पण केला. त्यांत एक रानपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलें होतें: मांडवी, ऑक्टोबर १९१४. हें मांडवी म्हणजे गुजरातेंतील तापीकांठचें. झालें. रानपिंगळ्याचें अखेरचें दर्शन १८८४ ऐवजीं १९१४ सालीं झालें, व त्याचें अखेरचें ठिकाण गुजरातेंत, असें पुस्तकांतून छापलें जाऊं लागलें. कर्नलसाहेबांच्या हस्ताक्षरावर शंका घेणार कोण?

या माहितीच्या आधारें शोध करणारे लोकहि लहान नव्हते. आपले सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले, ज्यांनीं मिळून भारतीय उपखंडांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यांनींहि या पक्ष्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. तो व्यर्थ गेला. १९६८ सालीं नागपूरकडे काढलेलें एक छायाचित्र रानपिंगळ्याचें म्हणून पुढें आलें; परंतु बारकाईनें पाहतां तो आपला घरचाच, वडावरचा पिंगळा निघाला.

आतां चिठ्ठीकडे वळूं. पॅमेला रासमुसेन ही अमेरिकन विदुषी रिप्ले यांच्या हाताखालीं दक्षिण आशियांतील पक्ष्यांच्या एका मोठ्या ग्रंथाचें काम करीत होती. (तो ग्रंथ २००५ सालीं बाहेर पडला.) त्या कामाकरितां तिला संग्रहालयांतील जुनीं कातडीं एकेक करून तपासावीं लागत. माइनर्ट्झहागेनच्या नोंदींविषयीं कांहीं लोकांच्या मनांत पूर्वींपासून पाल चुकचुकत होतीच. परवानगीवांचून नमुने नेल्याबद्दल त्यास ब्रिटिश संग्रहालयाच्या पक्षिविभागांत एके काळीं बंदीहि झाली होती. रासमुसेननें व तिच्या सहकाऱ्यांनीं मांडवीचा तो रानपिंगळा हातीं घेतला. प्रत्येक कातडें भरणाराचा हात निराळा असतो. कापूस कसा कोंबला, टांका कोठें घातला, पंख कसे मिटविले, यांवरून जाणत्यास तो ओळखतां येतो, जसा फळ्यावरील अक्षरावरून आम्हांस विद्यार्थी ओळखतां येतो तसा. क्ष-किरणांनींहि परीक्षा झाली, आणि निष्पन्न असें झालें कीं, तो पक्षी मुळीं कर्नलानें मिळविलेलाच नव्हे. तो डेव्हिडसनचा, खानदेशचा, १८८० नंतरच्या चार वर्षांतला. संग्रहालयांतून तो चोरला, उसवला, पुन्हां भरला, आणि खोटी चिठ्ठी बांधून त्याच संग्रहालयास मोठ्या उदारपणें परत दिला! रासमुसेन व नायजेल कॉलर यांनीं हा सारा प्रकार १९९९ सालीं 'आयबिस' या पत्रिकेंत पुराव्यासह मांडला.

चोऱ्या जगांत पुष्कळ होतात. पण सोन्याचा चोर सोनें नेतो व गप्प बसतो. त्याच्या चोरीमुळें दुसऱ्याचें सोनें कोठें आहे याविषयीं जगाची दिशाभूल होत नाहीं. या चोरीनें ती झाली. डेव्हिडसनचें श्रेय गेलें, खानदेशाचें नांव पुसट झालें, आणि शोध करणारे भलत्या नोंदींवर विसंबून राहिले. तेवढ्या काळांत सातपुड्याच्या पायथ्याचीं सागाचीं रानें तुटत होतीं.

मांडवीची नोंद बाद होतांच उरलेलीं ठिकाणें दोन: पूर्वेकडचा ब्लेविट-बॉल यांचा मुलूख, आणि पश्चिमेकडचा डेव्हिडसनचा खानदेश. १९९७ सालच्या नोव्हेंबरांत रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट असे तिघे अमेरिकन भारतांत आले. आधीं ते पूर्वेकडे गेले. तेथें त्यांना कांहीं लाभलें नाहीं. दिवस संपत आले, तेव्हां ते खानदेशांत उतरले आणि शहाद्याच्या बाजूच्या रानांत हिंडूं लागले. शहादें त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होतें. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो पुढील वर्षींच्या १ जुलैला. २५ नोव्हेंबरच्या सकाळीं उघड्या शेंड्यावर बसलेलें एक ठेंगणें घुबड किंगच्या नजरेस पडलें व त्यानें तें शांतपणें दाखविलें. रासमुसेनला सातहि नमुन्यांचीं लक्षणें मुखोद्गत होतीं. घरच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याचें डोकें जवळजवळ कोरें. पोट खालच्या बाजूस पांढरें स्वच्छ, शेंपटीवर व पंखांवर रुंद पट्टे, पाय बोटांपर्यंत पिसांनीं भरलेले, चोंच मोठी. सारें जुळलें. पक्षी उडून गेला नाहीं. छायाचित्रें व चित्रफीत घेण्यापुरता वेळ त्यानें त्यांना दिला.

आणि तो सांपडल्यावर आणखी एक गोष्ट उमगली. हें घुबड पुष्कळसें दिवसा वावरतें. सकाळच्या उन्हांत निष्पर्ण झाडाच्या टोंकाशीं बसून तें सरडे, उंदीर, टोळ हेरतें, आणि शेंपटी इकडून तिकडे झटकतें. त्याचा स्वरहि घरच्या पिंगळ्याच्या कलकलाटाहून निराळा व मृदु आहे. मग असा दिवसाउजेडीं बसणारा पक्षी त्या रानांत गुरें चारणाऱ्या भिल्ल-पावरा मंडळींनीं पाहिलाच नसेल, हें मला संभवनीय वाटत नाहीं. पण एवढ्या वर्षांत कोणीं त्यांचें म्हणणें टिपून ठेविलें नाहीं.

या तिघांपैकीं बेन किंगविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आग्नेय आशियांतील पक्ष्यांवर त्याचें १९७५ सालचें पुस्तक प्रसिद्ध आहे. आणि त्याचा व्यवसाय म्हणजे हौशी मंडळींना आशियांतील रानांतून पक्षी दाखवीत हिंडविणें. विद्वानांच्या सभेंत अशा वाटाड्याच्या धंद्याला मान थोडा. पण ज्यानें हजारों वेळां साधा पिंगळा पाहिला असेल त्यासच एकदां निराळा दिसला कीं 'हा तो नव्हे' असें चटकन् वाटतें. पुस्तकांतील सात कातड्यांचें ज्ञान रासमुसेनकडे होतें. रानांत नजर टाकण्याची संवय किंगकडे होती. दोन्ही एकत्र आलीं म्हणून काम झालें.

याचें आणखी ठसठशीत उदाहरण आंध्र प्रदेशांतलें आहे. जर्डन नांवाच्या लष्करी डॉक्टरानें १८४८ सालीं धाविक जातीचा एक पक्षी शोधून काढला होता. १९०० नंतर तोहि दिसेनासा झाला. १९८५-८६ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण कडप्पा जिल्ह्यांत त्याचा शोध करीत होते. त्यांनीं गांवोगांवच्या पारध्यांना त्याचें चित्र दाखविलें. ऐतन्ना नांवाचा एक पारधी म्हणाला कीं, हा पक्षी तर मला ठाऊक आहे. तेथील लोकांत त्याला 'कलिवी कोडी' असें नांवहि होतें! १९८६ सालच्या जानेवारींत त्यानें रात्रीं बॅटरीच्या उजेडांत तो पकडून आणिला. सालिम अली त्या वेळीं ८९ वर्षांचे होते. बातमी कळतांच ते धांवत आले, पण ते पोंचण्यापूर्वींच पक्षी मेला होता. तरीहि शास्त्राच्या लेखीं मेलेला पक्षी जिवंत झाला, आणि तो पारध्याच्या साक्षीनें झाला. त्याचें नांव कागदोपत्रीं राहिलें हें मला फार बरें वाटतें. अशीं नांवें बहुधा राहत नाहींत.

त्याहून अलीकडची हकीकत पुण्याशीं संबंधित आहे. पुण्याच्या रेडिओ खगोल केंद्रांतील शास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना १९९५ सालीं अरुणाचल प्रदेशांतील ईगलनेस्टच्या अरण्यांत दोन अनोळखी पक्षी दिसले. कोणत्याहि पुस्तकांतल्या वर्णनाशीं ते नीट जुळेनात. नवा पक्षी सांपडला म्हणून लगेच नगारा वाजविण्याचा मोह किती असेल! पण प्रसिद्धि व्हावयास २००६ साल उजाडलें. त्या वर्षींच्या मे महिन्यांत पक्षी जाळ्यांत धरले, मोजले, त्यांचीं छायाचित्रें काढलीं आणि सोडून दिले. इतक्या विरळ पक्ष्याचा जीव घेणें योग्य नव्हे म्हणून कातडें केलेंच नाहीं. जाळ्यांत गळलेलीं पिसें व छायाचित्रें हाच पुरावा ठरला. तेथील बुगुन जमातीवरून त्याचें नांव बुगुन लिओसिक्ला असें ठेविलें. तो पक्षी पाहण्याकरितां आतां देशोदेशींचे लोक तेथें जातात, गांवचींच मुलें त्यांना वाट दाखवितात, आणि २०१७ सालीं सिंगचुंग गांवच्या बुगुन लोकांनीं सुमारें १७ चौरस किलोमीटरचें आपलें रान राखीव करून घेतलें.

हें सर्व दूरचें असें कोणी म्हणेल. मी राहतों तें मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे आहे. आंब्याच्या रानांत अलीकडे शहरांतून मंडळी मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात, आणि आमच्याकडचे तरुण त्यांना धनेश, कर्णा, शीळ घालणारा कस्तूर दाखवीत हिंडवितात. त्यांत कांहीं माझे जुने विद्यार्थी आहेत. एक जण मला म्हणाला, "गुरुजी, पाव्हण्यांबरोबर असतांना आम्हांला एखादा नवा पक्षी दिसला, तर तो आमच्या नांवावर लागेल का पाव्हण्यांच्या?" मीं विचारलें, "अरे, तूं वहींत काय लिहितोस तें सांग." त्याच्याजवळ वही नव्हती. मोबाइलवर छायाचित्रें शेंकडों होतीं, पण बरींचशीं पाहुण्यांनीं पाठविलेलीं. कोणतें कोठलें, कोणत्या दिवसाचें, तें त्यास सांगतां येईना. मग मी त्याला डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली, व शंभर पानांची एक वही घेऊन दिली. रकाने मीच आंखून दिले: दिनांक, वेळ, ठिकाण, किती पक्षी, काय करीत होते, बरोबर कोण होतें. शेवटचा रकाना 'ओळख नक्की कीं शंका' असा ठेविला, आणि त्यास बजाविलें कीं, शंका लिहावयास लाजूं नकोस.

दुसरीहि एक गोष्ट त्याला मीं सांगितली. पाहुण्यांना पक्षी जवळ दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्यास बोलावण्याची खोड कांहीं वाटाड्यांस लागली आहे. पक्षी येतो, कारण त्यास वाटतें आपल्या हद्दींत परका शिरला. विणीच्या दिवसांत घरटें टाकूनहि येतो. बिदागी वाढते हें खरें. परंतु अशा रीतीनें दाखविलेला पक्षी त्या ठिकाणीं आपण होऊन काय करीत होता, हें वहींत लिहितां येत नाहीं. कारण तें पाहिलेलेंच नसतें.

आंब्याच्या रानांत रानपिंगळा मिळेल असें मात्र मी म्हणत नाहीं. तें रान ओलें, दाट, सदाहरित. रानपिंगळ्यास कोरडें, मोकळें, सागाचें रान लागतें. १९९७ नंतरच्या शोधांत तो मेळघाटांत, तोरणमाळाकडे, यावलच्या अभयारण्यांत आणि मध्यप्रदेशांत मिळाला. घुबडाविषयींचे वेडगळ समज त्यालाहि भोंवतात; जादूटोण्यासाठीं त्याचीं अंडीं व अवयव वापरल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं आहेत. २०१८ सालीं जागतिक संस्थेनें त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गांतून काढून 'संकटग्रस्त' वर्गांत घातलें. त्याची संख्या वाढली म्हणून हें झालें नाहीं. त्याचीं ठिकाणें अधिक कळलीं म्हणून झालें. प्रौढ पक्षी २५० ते १,००० च्या दरम्यान असावेत असा अंदाज आहे. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक परीक्षणांत, ह्यूमनीं त्याला दिलेलें निराळें कुळहि टिकलें नाहीं. तो आपल्या पिंगळ्याच्याच कुळांतला निघाला.

परंतु मला सर्वांत नवल वाटतें तें २०१४ सालच्या शोधाचें. त्या वर्षीं रानपिंगळा ठाणें जिल्ह्यांतील तानसा अभयारण्यांत आढळला. ज्या तानसा तलावाचें पाणी मुंबईकर एकोणिसाव्या शतकापासून पीत आले, त्याच्याच कांठच्या सागाच्या रानांत! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मुंबईंत स्थापन झाली ती १८८३ सालीं, म्हणजे रानपिंगळ्याच्या जुन्या अखेरच्या नोंदीच्या एकच वर्ष आधीं. देशांतील पक्ष्यांचे बहुतेक मोठे पंडित त्या रानापासून दिवसाच्या प्रवासावर राहत होते, आणि खानदेशाच्या इतक्या दक्षिणेस हा पक्षी असेल अशी अपेक्षा कोणाची नव्हती. तानसाच्या पलीकडेहि कोरड्या सागाचे तुकडे आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांत वही घेऊन सकाळीं कोणी हिंडलेलें नाहीं.